एकच घर पुढे

१८३४ साली लंडनहून पॅरिसला एक पत्र गेलं. त्यात खेळी होती ई४, म्हणजे राजाच्या पुढचं प्यादं दोन घरं पुढे. त्या काळी पांढऱ्याची हीच पहिली खेळी बहुतेक ठरलेली असे आणि काळ्याचं उत्तरही जवळपास ठरलेलं असे. समोरच्यानं दोन घरं पुढे टाकली की आपणही दोन घरं पुढे जायचं, पटाच्या मध्यावर छातीला छाती लावून उभं राहायचं. पॅरिसनं तसं केलं नाही. परतीच्या पत्रात त्यांनी राजाचं प्यादं फक्त एक घर सरकवलं. ई७ वरून ई६ वर.

या एका घराला पुढे ‘फ्रेंच बचाव’ असं नाव पडलं. आज जगातल्या कोणत्याही क्लबात, कोणत्याही वयाच्या खेळाडूला ‘ई४ला ई६’ म्हटलं की तो ‘फ्रेंच’ म्हणून मोकळा होतो. ही खेळी फ्रेंचांनी शोधली असं मात्र नाही. त्याआधीच्या जुन्या डावांतही ती सापडते. तिला नाव मिळालं ते दोन शहरांत टपालानं चाललेल्या या सामन्यामुळे. माझ्या मते नावापेक्षाही मोठी गोष्ट तिला या टपालानं दिली. तिला निवांत ऐकून घेणारी माणसं मिळाली.

आपल्याकडच्या जुन्या देशी डावात वाढलेल्या माणसाला ई६ मध्ये काही वावगं दिसलं नसतं. आपल्या पद्धतीत बहुतेक ठिकाणी प्यादं एकेक घरच चालायचं. विलायती पद्धतीत मात्र पहिल्या चालीत दोन घरांची मुभा, आणि मुभा असताना ती न वापरणं हे भित्रेपणाचं लक्षण मानलं जाई. एकोणिसाव्या शतकातली बुद्धिबळाची हवाच तशी होती. प्यादी उधळायची, घोडे-उंट बाहेर काढायचे आणि शत्रूच्या राजावर तुटून पडायचं. राजाचा गॅम्बिट जोरात होता. कॅप्टन इव्हान्स या जहाजाच्या कप्तानानं शोधलेला गॅम्बिट नवाकोरा होता. प्यादं देऊन हल्ला विकत घ्यायचा, ही तेव्हाची मर्दुमकी.

आणि १८३४ हे साल तर या मर्दुमकीचा कळस. त्याच वर्षी लंडनच्या वेस्टमिन्स्टर क्लबात फ्रान्सचा ला बूर्दोने आणि बेलफास्टचा मॅकडॉनेल समोरासमोर बसले होते. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ८५ डाव. ला बूर्दोनेनं ४५ जिंकले, मॅकडॉनेलनं २७, बरोबरीत सुटले अवघे १३. क्लबाचे वयस्कर चिटणीस विल्यम ग्रीनवुड वॉकर शेजारी बसून एकेक खेळी उतरवून घेत होते, म्हणून ते डाव आज आपल्या हातात आहेत. लंडन आणि पॅरिस यांच्यातली ईर्ष्या त्या वर्षी अशी दोन अंगांनी पेटली होती. एका बाजूला दोन माणसं, एक टेबल, दिवसाला कित्येक तास. दुसऱ्या बाजूला दोन शहरं, मध्ये समुद्र आणि टपालाची थैली.

तेव्हा लंडन ते पॅरिस रेल्वे नव्हती. घोडागाडीनं डोव्हरपर्यंत, तिथून जहाजानं खाडीपलीकडे कॅलेला, पुन्हा घोड्यांची टपालगाडी. वारा-पाऊस आडवा आला की त्यात भर. एका खेळीला उत्तर येऊन पोचेपर्यंत आठवडा सहज उलटायचा, आणि मध्ये समितीच्या बैठका व्हायच्या त्या वेगळ्या. समिती म्हणतो, कारण हे डाव एकट्यादुकट्याचे नव्हते. शहरातले जाणते खेळाडू एकत्र जमत, पटावर मोहरी हलवून बघत, वाद घालत, आणि एकमत झालं की मगच पत्र जाई. गेलेलं पत्र परत येत नसे. समोरासमोरच्या डावात बोट मोहऱ्यावर असेपर्यंत तरी मन बदलता येतं. इथे थैली बंद झाली की प्रकरण संपलं.

अशाच एका बैठकीत शामुये या पॅरिसकर खेळाडूनं आपल्या साथीदारांना ई६ पटवून दिली, एवढी नोंद इतिहासात आहे. त्यानं काय युक्तिवाद केला हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. पण पट समोर घेतला तर युक्तिवाद आपला आपल्याला दिसतो.

काळ्याच्या बाजूला सुरुवातीला सगळ्यात नाजूक घर कोणतं? एफ७. त्याचं रक्षण एकटा राजा करतो, दुसरं कुणी नाही. त्या काळातले बरेच हल्ले याच घरावर चालून यायचे. पांढरा उंट सी४ वर येऊन बसतो आणि तिथून तिरक्या रेषेत थेट एफ७ कडे बघतो. आता ई६ वर प्यादं ठेवून बघा. ती रेषाच बंद. उंटाच्या तोंडावर दार लागलं. पुढच्याच चालीत काळा डी५ खेळतो आणि ई४ वरच्या प्याद्याला विचारतो की बाबा, तू इथे कोणाच्या जिवावर उभा आहेस? म्हणजे एक घर पुढे टाकलेलं हे प्यादं मागे दबून राहिलेलं नाही. दुसऱ्या प्याद्याच्या पाठीला हात लावून ते उभं आहे. प्याद्यांना पटावर मान मिळवून देणारा फिलिदोर ज्या पॅरिसमध्ये नावारूपाला आला, तिथल्याच खेळाडूंना ही खेळी पटावी यात मला तरी नवल वाटत नाही.

या बचावाला एक किंमत मोजावी लागते. काळ्याचे दोन उंट असतात. त्यातला सी८ वरचा उंट फक्त पांढऱ्या घरांवरून चालतो, आणि ई६, डी५ ही दोन्ही घरं पांढरी. आपल्याच प्याद्यांच्या भिंतीआड तो कोंडला जातो. फ्रेंच खेळणाऱ्यांच्या तोंडी या उंटाची तक्रार कायम असते. घरात थोरल्यांनी वाड्याचं दार लावून घेतलं आणि धाकटा आतच राहिला, अशी त्याची गत. डाव संपेपर्यंत तो सी८ वरच बसून राहिला, असे कितीतरी डाव झालेत. हा उंट लक्षात ठेवा. या डावाचा निकाल त्यानंच लावला.

आता घरात पट असेल तर मांडून घ्या. पुढचं वाचायला त्याची फार मदत होईल.

ई४, ई६. डी४, डी५. इथे पांढऱ्यापुढे तीन वाटा असतात. ई५ ला पुढे सरकायचं, घोड्यानं ई४ राखायचं, किंवा प्यादं मारून मोकळं व्हायचं. लंडननं तिसरी वाट धरली. प्याद्यानं प्यादं मारलं, काळ्यानं ई६ च्या प्याद्यानं परत मारलं. आज याला विनिमय प्रकार म्हणतात, आणि बरोबरी हवी असणारे लोक तो खेळतात. लंडनला बरोबरी नक्कीच नको होती. त्यांना बहुधा पटाचा मध्य मोकळा करून आपल्या सवयीचा खेळ आणायचा असावा. पण त्या देवाणघेवाणीत एक गोष्ट झाली. ई६ वरचं प्यादं तिथून उठलं आणि सी८ च्या उंटापुढची भिंत पडली. कोंडलेल्या उंटाला पाहुण्यानंच दार उघडून दिलं.

मग घोडे बाहेर आले, पांढऱ्याचा उंट डी३ वर आला, आणि पॅरिसनं पाचव्या खेळीत सी५ टाकून मध्यावर दाब दिला. लंडननं वजीर ई२ वर आणून शह दिला. काळ्यानं उंट ई७ वर घालून तो थोपवला. सातव्या खेळीत लंडननं सी५ वरचं प्यादं खाल्लं. पॅरिसनं ते लगेच परत घ्यायची घाई केली नाही. त्यांनी किल्लेकोट केला, म्हणजे राजाला कोपऱ्यात सुरक्षित नेलं आणि हत्ती बाहेर काढला. समोर बसून, घड्याळाशिवाय का होईना, चारचौघांच्या नजरेखाली खेळणारा माणूस गेलेलं प्यादं आधी वसूल करायला धावतो. पॅरिसच्या मंडळींकडे विचार करायला दिवस होते. प्यादं कुठे पळून जात नाही, हे त्यांना दिसलं.

लंडननं ते प्यादं टिकवायला उंट ई३ वर आणला. पॅरिसचा हत्ती ई८ वर आला. आता ई रेषेवर नजर टाका. ई८ वर काळा हत्ती, ई३ वर पांढरा उंट, त्याच्यामागे ई२ वर वजीर, त्याच्यामागे ई१ वर राजा. किल्लेकोट न झालेला राजा आणि त्याचा सगळा दरबार एका रांगेत, आणि रांगेच्या टोकाला शत्रूचा हत्ती. ई३ वरचा उंट आता हलू शकत नाही. तो हलला की वजीर गेला.

इथून लंडनची मोहरी एकमेकांच्या मदतीला धावत राहिली. डी३ चा उंट बी५ वर गेला, तिथून त्यानं सी६ वर आलेला घोडा मारला आणि बी७ च्या प्याद्यानं त्याला परत मारलं. एफ३ चा घोडा डी४ वर गेला. दरम्यान पॅरिसच्या उंटानं सी५ वरचं प्यादं निवांत परत घेतलं, आणि बाराव्या खेळीत त्याच उंटानं डी४ वरचा घोडा मारला. एरवी ई३ च्या उंटानं तो परत मारला असता. पण तो तर बांधलेला! मग नुकत्याच सी३ वर आलेल्या प्याद्यानं मारावं लागलं. तेराव्या खेळीला पॅरिसनं सी५ टाकून मध्यावर पुन्हा दाब वाढवला. लंडनचा वजीर डी३ वर सरकला, पॅरिसचा बी६ वर आला आणि त्यानं बी२ च्या प्याद्यावर नजर रोखली.

पंधरावी खेळी. लंडननं किल्लेकोट केला. अखेर राजा सुरक्षित, हत्ती एफ१ वर. बघायला अगदी योग्य, कुणालाही सुचावी अशी खेळी. हा डाव मी पहिल्यांदा मांडला तेव्हा इथे पोचल्यावर मलाही हायसं वाटलं होतं.

आणि मग सी८ वरचा उंट उठला. चौदा खेळ्या तो जागचा हलला नव्हता. तो उठून ए६ वर जाऊन बसला. तिथून तिरकी रेषा बघा. ए६, बी५, सी४, डी३, ई२, एफ१. डी३ वर लंडनचा वजीर, त्याच्यामागे एफ१ वर हत्ती, नुकताच राजासोबत किल्लेकोटात आलेला. वजिरानं उंट मारावा तर त्या उंटाला बी६ च्या वजिराचा आधार. वजीर हलला की मागचा हत्ती उघडा. मध्ये घालायला लंडनचा पांढऱ्या घरांवरचा उंटही नव्हता. तो त्यांनी अकराव्या खेळीत सी६ वरच्या घोड्यासाठी देऊन टाकला होता.

लंडननं वजीर बी३ वर नेऊन वजीर-वजीर उडवले, काळ्याच्या उंटावर ए१ च्या हत्तीचा मारा आणला, पण उंटानं त्याआधी एफ१ चा हत्ती घेतला. राजानं उंट मारला. हत्तीच्या बदल्यात उंट, हा घाट्याचा सौदा. खेळाडू हत्ती पाच प्याद्यांच्या मोलाचा धरतात आणि उंट तीन. आणि आता लंडनच्या बाजूला जरा खाली बघा. बी१ वरचा घोडा पहिल्या खेळीपासून तिथेच आहे. ए१ वरचा हत्तीही जागचा उठलेला नाही. पॅरिसचा राजा सातव्या खेळीत घरी पोचला होता, लंडनचा पंधराव्या. मधल्या आठ खेळ्यांचा हिशोब पॅरिसनं असा वसूल केला. त्यानंतर त्यांनी पकड सैल होऊ दिली नाही आणि डाव जिंकला. सामन्यातला दुसरा डावही पॅरिसनंच घेतला. १८३६ मध्ये सामना संपला तेव्हा निकाल दोन-शून्य होता.

सामन्यातल्या खेळ्यांची चर्चा दोन्ही शहरांत महिनोन्‌महिने चालली, आणि ई६ या खेळीला लोकांनी पॅरिसच्या मंडळींची खेळी म्हणून ओळखायला सुरुवात केली. समोरासमोरचा डाव एका दुपारी संपतो. हा डाव दोन वर्षं दोन शहरांच्या बोलण्यात होता. एवढा काळ जी खेळी लोकांच्या डोळ्यांसमोर राहते, तिला नाव चिकटतंच.

नाव देण्याचं हे काम टपालानं एकदाच केलं असं नाही. १८२४ ते १८२८ या काळात एडिंबरा आणि लंडन यांच्यात पाच डाव टपालानं झाले. एडिंबरानं दोन जिंकले, लंडननं एक, दोन बरोबरीत सुटले. त्या सामन्यात गाजलेल्या सुरुवातीला ‘स्कॉच’ नाव पडलं, ते आजही चालू आहे. विश्वविजेत्या कास्पारोव्हनं विसाव्या शतकाच्या शेवटी तिला पुन्हा उजळा दिला. पॅरिसनं लंडनला हरवल्यावर काही वर्षांनी, १८४२ मध्ये, पेस्ट शहराशी सामना सुरू केला. पेस्ट तेव्हा बुडा शहरापासून वेगळं होतं, पुढे १८७३ मध्ये ती एक होऊन बुडापेस्ट झालं. पेस्टच्या बाजूला योझेफ सेनसारखे पक्के खेळाडू होते. या वेळी पॅरिस दोन्ही डाव हरलं. एका डावात पेस्टनं काळ्या मोहऱ्यांनी आपला उंट फक्त एक घर हलवून ई७ वर ठेवला. ‘हंगेरियन बचाव’ नावानं तो ओळखला जातो. स्कॉच, फ्रेंच, हंगेरियन! तीन सामने, तीन नावं, आणि त्यातल्या दोन खेळ्या एकेका घराच्या. हल्ला करणाऱ्यांच्या त्या शतकात अशा सावध खेळ्यांना मान मिळाला तो घाई नसलेल्या माणसांच्या हातून, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मान मिळाला म्हणजे लगेच प्रेम मिळालं असं मात्र झालं नाही. पहिला विश्वविजेता स्टाइनिट्झ याला फ्रेंच बचाव मनापासून नीरस वाटायचा. मारोत्सीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो आपला मुख्य बचाव म्हणून स्वीकारला. मग निमझोविचनं प्याद्यांच्या साखळीचं शास्त्र मांडलं. पांढरा ई५ ला सरकला की डी४ आणि ई५ यांची साखळी तयार होते, आणि साखळी तोडायची तर टोकावर नाही, बुडावर घाव घालायचा. म्हणून फ्रेंच खेळणारा सी५ टाकतो, डी४ च्या मुळाशी. पॅरिसनं १८३४ मध्ये पाचव्या खेळीला सी५ टाकलं तेव्हा साखळी नव्हती, पण मध्यावर बाजूनं दाब देण्याची तीच उपजत बुद्धी त्या खेळीत होती. पुढे बोट्विनिकनं हा बचाव विश्वविजेतेपदाच्या पातळीवर नेला, पूर्व जर्मनीच्या उलमाननं जन्मभर त्याची साथ सोडली नाही. १९७४ मध्ये कार्पोव्ह आणि कोर्चनॉय यांच्यात २४ डावांचा सामना झाला. कोर्चनॉय पुन्हा पुन्हा फ्रेंच खेळला आणि कार्पोव्हला त्यातला एकही डाव जिंकता आला नाही. सामना मात्र कार्पोव्हनं जिंकला.

टपालाचा खेळही वाढत गेला. त्याची सर्वांत जुनी उपलब्ध उदाहरणं १८०४ सालची आहेत. हेगमधला मोव्हियाँ नावाचा लष्करी अधिकारी ब्रेडातल्या सहकाऱ्याशी पत्रानं खेळत असे. हळूहळू लखोट्याची जागा पोस्टकार्डानं घेतली. १९५१ मध्ये टपाली बुद्धिबळाचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि १९५३ मध्ये पहिला टपाली विश्वविजेता ठरला, ऑस्ट्रेलियाचा सेसिल पर्डी. दहा खेळ्यांना तीस दिवस, हा नियम रूढ झाला. पत्र वाटेत असताना घालवलेला वेळ त्यात मोजायचा नाही. समोरच्याच्या पुढच्या खेळीचा अंदाज असेल तर ‘तुम्ही अमुक खेळलात तर मी तमुक’ असं लिहून एक फेरी वाचवता येई. अशी सशर्त खेळी पाठवणं म्हणजे आत्मविश्वासाची परीक्षाच. अंदाज चुकला तर काही बिघडत नाही, पण आपल्या मनात काय आहे ते समोरच्याला फुकट कळतं.

भाषांचा प्रश्न महासंघानं फार सुबक सोडवला. जर्मन माणूस उंटाला धावपटू म्हणतो, फ्रेंच माणूस विदूषक, इंग्रज बिशप. मग मोहऱ्यांची नावं लिहायचीच नाहीत. पटाच्या आठ उभ्या पट्ट्यांना १ ते ८ आकडे, आडव्यांना १ ते ८. प्रत्येक घर दोन आकड्यांचं, प्रत्येक खेळी चार आकड्यांची. आधी मोहरा जिथून उठला ते घर, मग जिथे बसला ते. ई२ वरून ई४ म्हणजे ५२५४. कार्डावर एवढंच. खेळ्यांच्या अशा खुणांमुळे महासंघाच्या आधी संशयही आला होता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या टपाल तपासनिसांना त्यांत गुप्त संदेश असण्याची भीती वाटली आणि परदेशाशी टपाली बुद्धिबळ खेळायला बंदी घालण्यात आली.

आता कार्डं जवळपास उरली नाहीत. खेळ्या महासंघाच्या सर्व्हरवरून जातात आणि संगणकाची मदत घ्यायला मुभा आहे. वरच्या पातळीवर जवळपास सगळे डाव बरोबरीत सुटतात. पंधराव्या खेळीला किल्लेकोट करून हत्ती गमावणारं कुणी आता तिथे भेटत नाही. त्या खेळाची ओढ मला म्हणून पोस्टकार्डाच्या काळातलीच वाटते. एका बाजूला पत्ता, दुसऱ्या बाजूला तारीख, खेळीचा क्रमांक आणि समोरच्याचे चार आकडे, ५२५४. त्याच्याखाली उत्तराची रिकामी जागा. पेन हातात घेऊन बसलेल्या माणसासमोर सगळ्या वाटा मोकळ्या असतात, आणि पटावर तो ई७ वरचं प्यादं एकदा दोन घरं पुढे नेतो, परत आणतो, एकच घर पुढे ठेवतो, बराच वेळ बघतो. मग लिहितो, ५७५६.